तीन स्टार, तेही मेथीसाठी
ट्रॅकच्या कडेचा पालक कुठल्या पाण्यावर वाढतो ते लोकलच्या खिडकीतून बघून बघून शेवटी एका ॲपवरून पालेभाजी मागवायला लागले, नाव नाही घेत. मेथी खरंच मस्त, कोवळी, निवडायला दहा मिनिटं पण नाही लागली. पालकाच्या पाकिटावर मात्र 'धुतलेला, रेडी टू ईट' आणि पातेल्यात टाकला तर तळाला ही एवढी माती, वर एक गोगलगाय फुकट! एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी नंबर आहे हो, पण तो लायसन्सचा, शेतात कुठलं पाणी घातलं ते त्यावरून थोडीच कळतं. कस्टमर केअरला विचारलं तर "मॅडम रिफंड टाकलाय". अहो रिफंड नको, पाणी तपासता का ते सांगा ना! अमेरिकेत २००६ ला पालकातून ई. कोलाय हा आजारी पाडणारा जंतू पसरला तेव्हा कॅलिफोर्नियात पालेभाजीच्या धंद्यातल्या लोकांनीच २००७ मध्ये पाणी, खत, शेतात शिरणारी जनावरं सगळ्याचे नियम केले, कारण पानाला चिकटलेले जंतू नुसतं धुऊन पूर्ण जात नाहीत. तुम्ही निदान पाकिटावर शेताचं गाव तरी छापा. तोवर आमच्याकडे पालक शिजवूनच, सॅलड बंद. मेथी परत मागवेन.