ग्लॉक ४३एक्ससाठी शिल्ड आर्म्सचं एस१५ मॅगझिन: पंधरा गोळ्या हव्यात तर आधी कॅच बदला

ग्लॉक ४३एक्स आणि त्याचा लांब नळीचा भाऊ ग्लॉक ४८ ही दोन्ही पिस्तुलं जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. मूठ हातात भरून बसते, अंगावर बारीक बसतात, कपड्याखाली दिसत नाहीत. पण इतक्या लांब मुठीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डब्यात, गोळ्या दहाच. आदल्याच वर्षी सिग सावरने पी३६५ मध्ये याहून आखूड मुठीत दहा बसवून दाखवल्या होत्या, त्यामुळे ग्लॉकच्या दहा जास्तच तोकड्या वाटल्या. मोंटाना राज्यातल्या बिगफोर्कच्या शिल्ड आर्म्स कंपनीने ही उणीव हेरली आणि एस१५ काढलं. लांबी मूळ मॅगझिनइतकीच, मुठीखाली काही लोंबत नाही, गोळ्या मात्र पंधरा.

यात जादू नाही, पत्र्याच्या जाडीचा हिशेब आहे. ग्लॉकच्या मूळ मॅगझिनला आतून पोलादाचं अस्तर आणि बाहेरून प्लास्टिकचं जाड आवरण असतं. एस१५ मध्ये प्लास्टिक काढून टाकलं आहे, भिंत नुसत्या पोलादी पत्र्याची. बाहेरचं माप तेच राहिलं आणि आतली रुंदी वाढली. ९×१९ मिमी काडतुसाच्या बुडाच्या कडेचा व्यास ९.९६ मिमी. काडतुसं सरळ एकावर एक रचली तर प्रत्येकाला जवळजवळ १० मिमी उंची लागते. आत रुंदी मिळाली की ती एकाआड एक डावी-उजवीकडे सरकतात, वरचं काडतूस खालच्याच्या डोक्यावर न बसता खांद्यावरून खाली घसरतं आणि प्रत्येक थर काही मिलिमीटरने बुटका होतो. ती वाचलेली उंची म्हणजे जादा पाच गोळ्या.

पण प्लास्टिक गेलं की त्याने सांभाळलेली एक गोष्टही जाते, आणि या मॅगझिनबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे. मॅगझिन मुठीत धरून ठेवणारा खटका, म्हणजे मॅग कॅच, ग्लॉक प्लास्टिकचा बसवतं. मूळ मॅगझिनची खाचही प्लास्टिकचीच, त्यामुळे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं आणि वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. एस१५ ची खाच म्हणजे पोलादी पत्र्याला पाडलेलं भोक. त्याची कड कॅचवर किसणीसारखी चालते. आधी कॅचच्या टोकावर पांढरट कीस दिसतो, मग टोक गोल होतं. मॅगझिन अर्धा-एक मिलिमीटर खाली बसायला लागतं, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, पुढे येताना काडतुसाच्या बुडाला नीट पकडत नाही, वरून निसटून जाते. शेवटी ऐन गोळीबारात मॅगझिन खाली गळतं. कंपनी स्वतः पोलादी कॅच विकते आणि तो लावायला सांगते. तो खर्च ऐच्छिक समजू नका. मॅगझिन आणि कॅच असा हा एकत्र सौदा आहे.

कॅच बदलायला बंदुकीच्या कारागिराकडे जायची गरज नाही. पिस्तूल रिकामं करा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, स्लाइड उतरवून बाजूला ठेवा. मॅगझिन बसतं त्या मुठीतल्या पोकळीत वरून टॉर्च मारला की पुढच्या अंगाला एक सरळ उभी तार दिसेल. तीच कॅचची स्प्रिंग. तिचं वरचं टोक कॅचच्या लहानशा खाचेत अडकलेलं असतं. लांब दांड्याचा, बारीक चपट्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर घालून ती तार हलकेच खाचेबाहेर सरकवा, म्हणजे कॅच बाजूने बाहेर निघेल. तारेला जोर लावून वाकवू नका. वाकलेली तार नंतर कॅचला पुरेसा दाब देत नाही आणि दोष मात्र नव्या कॅचच्या माथी येतो. पोलादी कॅच त्याच बाजूने घाला, तार परत खाचेत बसवा. आता बटण पाच-दहा वेळा दाबून सोडा. दर वेळी ते खटकन परत आलं पाहिजे. रिकामं मॅगझिन घाला, खालून जोरात ओढून पाहा. मग पिस्तूल सरळ उभं धरून बटण दाबा. मॅगझिन स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवं.

यानंतरचा नियम पुष्कळजण विसरतात. पोलादी कॅच लागल्यावर ग्लॉकची मूळ मॅगझिनं त्या पिस्तुलात वापरायची नाहीत. आता उलटं होतं, कॅच मॅगझिनची प्लास्टिकची खाच खातो. दहावाली मूळ मॅगझिनं सरावाला आणि एस१५ जवळ बाळगायला, असा मधला मार्ग काढला तर सरावाची मॅगझिनं झिजत राहतात. घरात दोन पिस्तुलं असतील तर एक पूर्ण पोलादी आणि एक पूर्ण मूळ, अशी विभागणी करा आणि मॅगझिनं वेगळ्या डब्यांत ठेवा.

आता चाचणी. दुसऱ्या कंपनीचं मॅगझिन ‘ब्रँड’ म्हणून तपासून उपयोग नाही, प्रत्येक नग तपासावा लागतो. पत्रा वाकवून, जोडून बनणाऱ्या वस्तूत दोन नगांत फरक पडतोच, आणि तो सगळा वरच्या दोन ओठांवर, म्हणजे फीड लिपवर, येऊन साचतो. म्हणून पहिलं काम म्हणजे रंगाच्या पेनाने बुडावर १, २, ३ असे आकडे घालणं. दुसरं काम, व्हर्नियर कॅलिपरने दोन ओठांमधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजून वहीत लिहिणं. हे माप बरोबर की चूक हे आज ठरवायचं नसतं. पाचशे गोळ्यांनंतर किंवा मॅगझिन सिमेंटवर पडल्यानंतर ओठ फाकले का, हे कळायला नव्याचं माप हाताशी लागतं.

मग कोरडी तपासणी. रिकामं मॅगझिन घालून स्लाइड पूर्ण मागे ओढायची. फॉलोअरने (स्प्रिंगवरच्या, गोळ्या वर ढकलणाऱ्या तुकड्याने) स्लाइड स्टॉप हा खटका वर ढकलून स्लाइड अडकवली पाहिजे. प्रत्येक नगाला वीस वेळा, एकही चुकता कामा नये. पुढे पाच डमी, म्हणजे बारूद नसलेली, काडतुसं भरून हाताने स्लाइड चालवा, हळू आणि जोरात दोन्ही प्रकारे. स्लाइड मागे अडकलेली असताना मॅगझिन तळहाताने ठोकून बसवा आणि वरून पाहा: ओठ रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरला टेकत असतील तर तो नग तिथेच बाजूला काढा.

भरताना पहिल्या दिवशी तेरावी, चौदावी, पंधरावी गोळी अंगठ्याची परीक्षा घेते. इतक्या आखूड जागेत पंधरा गोळ्या उचलणारी स्प्रिंग दाबून बसवायची म्हटल्यावर हे व्हायचंच. गोळ्या दाबून भरायचा लोडर वापरा. मॅगझिन भरून दोन-चार दिवस ठेवलं की स्प्रिंग थोडी बसते आणि भरणं सोपं जातं. पण पूर्ण भरलेलं मॅगझिन बंद स्लाइडखाली घालताना अडचण येते, कारण वरचं काडतूस स्लाइडच्या पोटाला टेकतं आणि खाली दबायला जागाच उरत नाही. मॅगझिन बसल्यासारखं वाटतं, कॅच मात्र लागलेला नसतो. पहिली गोळी झाडली की मॅगझिन घसरतं. उपाय साधा आहे. बंद स्लाइडवर घालायचं असेल तर चौदाच भरा, आणि दर वेळी खालून ओढून पाहा. आमचं स्पष्ट मत, जवळ बाळगण्यासाठी हे चौदाचंच मॅगझिन समजावं, पंधरावी चेंबरमध्ये. तरीही मूळ मॅगझिनपेक्षा चार जास्त.

खऱ्या गोळ्यांची चाचणी प्रत्येक नगाला पंचाहत्तर गोळ्यांची धरा. तीन पूर्ण भरणे ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या, पूर्ण तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांचे आणि दोन भरणे जी पोकळ टोकाची गोळी प्रत्यक्ष जवळ बाळगणार तिचे, १२४ किंवा १४७ ग्रेन, जी असेल ती. पोकळ टोकाच्या गोळ्या महाग म्हणून हा भाग टाळला जातो, आणि नेमकं रुंद तोंडाचं टोकच चेंबरच्या उतारावर अडतं. प्रत्येक प्रकारातलं निदान एक भरणं एका हाताने झाडा, आधी उजव्या, मग डाव्या. ढिली पकड मॅगझिनच्या उणिवा उघड्या पाडते.

काही अडलं तर घाईने मोकळं करण्याआधी कुठे अडलं ते पाहा आणि नगाचा आकडा लिहा. काडतुसाचं नाक खाली झुकून उतारात रुतलं असेल तर स्प्रिंग काडतुसांचा थर वेळेत वर आणत नाही, किंवा मॅगझिन खाली बसलं आहे. कॅच तपासा, मग स्प्रिंग. दर वेळी सहाव्या-सातव्या गोळीलाच अडत असेल तर आत घाण आहे किंवा फॉलोअर भिंतीला घासतो. बेसप्लेट, म्हणजे बुडाचं झाकण, काढून कोरड्या कापडाने पुसा, आत तेल घालू नका. तेलाला बारूदची काजळी चिकटते आणि मग अडकणं वाढतं. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे राहिली नाही, तर आधी स्वतःचा अंगठा पाहा. ४३एक्स बारीक असल्याने दोन्ही अंगठे वर घेणाऱ्याचा हात स्लाइड स्टॉपवर सहज टेकतो. सगळ्या नगांत हेच होत असेल तर दोष बहुतेक पकडीत, एकाच नगात होत असेल तर तो नग परत करा. उलट, आत गोळ्या शिल्लक असताना स्लाइड मध्येच अडकली, तर अंगठा खालून स्टॉप ढकलतो आहे किंवा गोळीचं नाक त्याला लागतं आहे. आणि रिकामी पुंगळी उभी अडकली, तर मॅगझिनला लगेच दोष देऊ नका. त्याची कारणं बहुधा पकड, कमजोर भरलेली काडतुसं किंवा पुंगळी चेंबरमधून ओढणारा एक्स्ट्रॅक्टर यांत सापडतात.

पंचाहत्तरमध्ये एकदा जरी नग अडला आणि कारण हाती लागलं नाही, तर पुन्हा पंचाहत्तर. दुसऱ्यांदा अडला तर तो कायमचा सरावाचा. यात दया दाखवू नये. स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या पिस्तुलात शंकेचं मॅगझिन ठेवण्यापेक्षा मूळ दहाचं मॅगझिन आणि मूळ कॅच केव्हाही बरं.

वजनाचं म्हणाल तर पाच जादा काडतुसांचे साधारण ६० ग्रॅम. रिकाम्या मॅगझिनसकट अर्ध्या किलोच्या जरा वर असलेल्या पिस्तुलात ते कमरेला जाणवतं, पण मुठीतल्या त्या वजनाने उसळी किंचित सौम्य लागते. होल्स्टर बदलावं लागत नाही.

जुनं, वापरलेलं एस१५ घेताना पिढी विचारा. या मॅगझिनमध्ये सुधारणा होत तिसरी पिढी आली आहे, आणि जुन्या पिढीचे नग स्वस्तात मिळतात ते उगाच नव्हे. बुडाला पाच गोळ्यांची वाढीव टोपी लावून वीस करणारेही आहेत. रेंजवर मजा म्हणून ठीक. पण बारीक पिस्तुलाचा सगळा फायदा त्या लोंबत्या टोकाने जातो, आणि स्प्रिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच. पंधराहून जास्त गोळ्या हव्याच असतील तर कारखान्यातूनच १७ च्या मॅगझिनसह येणारं सिग पी३६५ एक्स-मॅक्रो घ्यावं.

अमेरिकेत कायदा राज्यागणिक बदलतो आणि इथे तिथल्या आपल्या लोकांची गफलत होते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया या राज्यांच्या कायद्यात दहाची मर्यादा आहे, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरात हे मॅगझिन नकोच. कोलोरॅडोत २०१३ पासून आणि इलिनॉयमध्ये २०२३ पासून पिस्तुलाला पंधराची मर्यादा. तिथे एस१५ काठावर बसतं, वाढीव टोपी बसत नाही. या कायद्यांवर खटले चालूच असतात, तेव्हा विकत घेण्याच्या आठवड्यातली स्थिती पाहा. टेक्सासमधून गाडीने निघालात तर वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम लागू होतो. शिवाय एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना पिस्तूल आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, त्यांची खात्री वकिलाकडून करून घ्या. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

आणि भारतात येताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात आणि ९ मिमी हा इथे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. विमानतळावर बॅगेच्या तळाशी एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. दुसरी बॅग घ्या, आणि तिचेही सगळे कप्पे उलटे करून झटका.