कर्द्याच्या पुळणीवरची ट्रॅक्टरसेवा: गाडी रुतवणाऱ्याने दिलेला अभिप्राय

ज्या सेवेविषयी हे लिहितो आहे तिला पाटी नाही, पावती नाही, आणि मालकाच्या इच्छेनुसार येथे तिचे नावही नाही. दापोली तालुक्यातील कर्द्याच्या किनाऱ्यालगत सुपारीच्या वाडीत राहणारे एक गृहस्थ आपल्या शेतीच्या ट्रॅक्टरने पुळणीत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्या ओढून काढतात. “नाव लिहू का?” असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “नको. काढणारा माणूस आहे असं कळलं की लोक गाडी अजून दहा पावलं पुढे घालतील.” गरज पडलीच तर ज्यांच्याकडे उतरला असाल त्या घरमालकांना सांगावे, ते फोन लावून देतात.

माघी पौर्णिमेच्या संध्याकाळी आमची गाडी रुतली, आणि त्यात नशिबाचा भाग फार थोडा होता. माझे आजोळ गुहागरचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे गणित आजोबांनी मला शाळेत जाण्यापूर्वीच शिकवले होते: पौर्णिमेची पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी आणि रात्री त्या सुमाराला पूर्ण भरती, आणि मध्ये साडेपाचच्या आगेमागे ओहोटीची अखेर. पौर्णिमेला उधाण असल्यामुळे ओहोटीही खोलवर जाते. पाणी दूर गेलेले, ओली वाळू फरशीसारखी टणक, समोर सूर्य टेकलेला, असा देखावा असतो. भाच्याला गाडीसह फोटो हवा होता. किनाऱ्याच्या तोंडाशी वाहने खाली नेऊ नयेत अशी सूचना लावलेली होती आणि ती मी वाचली होती. तरीही नेली. पावसाळ्यात जिथून पऱ्या समुद्राला मिळतो तिथे वाळूखालून अजूनही पाणी झिरपत असते, हे पुढचे चाक आत गेल्यावर समजले, आणि घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबत राहिल्यामुळे ते आणखी वीतभर खाली गेले.

पहिला तास फुकट गेला. जमलेल्यांपैकी तिघे चित्रीकरण करीत होते. एका जीपवाल्याने ओढण्याचे दोन हजार सांगितले होते. पाण्याची कड जवळ येऊ लागल्यावर त्याने पाच सांगितले. भरती लागली की पहिल्या तासात पाणी जेमतेम हलते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वात वेगाने चढते. म्हणजे साडेआठनंतर आमच्या हातात काहीच उरणार नव्हते. माझ्या विम्यात इंजिनाच्या संरक्षणाची जोड घेतलेली नव्हती, आणि पाण्यात बुडालेली गाडी सुरू करताना इंजिन गेले तर साधा विमा बहुधा हात वर करतो, हेही मला तेव्हाच आठवायचे होते.

साडेसातला ट्रॅक्टर आला. “आमचंच चुकलं” अशी सुरुवात मी केली तेव्हा त्या गृहस्थांनी मला थांबवले: “गाडी बाहेर येऊ दे, मग बोलू. किती चुकलं तेही सांगतो.” दर एकच, अडीच हजार रुपये, आणि तो त्यांनी दोर सोडण्यापूर्वी सांगितला. पाणी चढते म्हणून तो चढत नाही. या सेवेची मला सर्वात मोलाची वाटलेली बाब हीच.

कामाची पद्धत नेमकी होती. त्यांनी ट्रॅक्टर वर, घट्ट वाळूवर उभा केला आणि लांब दोर खाली आणला, कारण ट्रॅक्टर आमच्या शेजारी आणला असता तर तोही रुतला असता. त्यांच्या मुलाने चाकांतली हवा निम्म्यावर आणली, पुढची वाळू हाताने उपसली आणि चाकांखाली नारळाचे झाप सरकवले. दोर बंपरला न बांधता टूलकिटमधला हुक शोधून त्यात अडकवला. (तो हुक गाडीत असतो हे सहा वर्षांत मला ठाऊक नव्हते.) दोर तुटला तर चाबकासारखा येतो म्हणून बघ्यांना वीस पावले मागे पाठवले, तीन कॅमेरेही त्यांच्याबरोबर गेले. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली, मी फक्त स्टिअरिंगवर. दुसऱ्या ओढीला गाडी सुटली. तेव्हा पाणी पुढच्या रिमला लागले होते.

त्यानंतर त्यांच्या अंगणात वहिनींनी चहा दिला, माझ्या सासूबाईंना कोरडे लुगडे दिले, आणि गोड्या पाण्याच्या पाइपाने गाडीखालचे मीठ धुऊन झाल्यावर मला ठरलेले बोलणे बसले. ते कडक होते. या पट्ट्यातल्या अंजर्ले-केळशीच्या पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला चढतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, आणि सापडलेली घरटी कासवमित्र कुंपणात हलवतात. परंतु न सापडलेल्या घरट्यावर चाक गेले तर ते कोणाला कळतही नाही. “गाडी बुडाली असती तर ती तुमची होती. अंडी तुमची नाहीत,” असे ते म्हणाले, आणि त्यावर मला उत्तर नव्हते.

परतीच्या वाटेवर पत्नीचे म्हणणे असे होते की दर दहा हजार ठेवला पाहिजे, म्हणजे लोकांना अक्कल येईल. मला ते पटत नाही. दर जबर असता तर मी आठ वाजेपर्यंत स्वतःच चाके फिरवीत बसलो असतो, आणि मग गाडीबरोबर तिच्यात बसून राहिलेल्या सासूबाईंचाही प्रश्न निर्माण झाला असता. ज्याला मदत मागण्याचीच भीती वाटते तो चूक लपवतो, आणि लपवलेली चूक भरतीच्या वेळी वाढते. शिवाय अडीच हजार ही काही माफी नव्हे. खारे पाणी लागलेल्या ट्रॅक्टरच्या धुण्याचे, हवेचे, दोराचे आणि दोन माणसांच्या संध्याकाळीचे ते पैसे आहेत, आणि ते मीच द्यायला हवेत. मी शंभर रुपये कमी करायला सांगून पाहिले, हे कबूल करतो. त्यांनी नकार दिला आणि आणखी एक कप चहा पुढे केला.

गावच्या होड्या मात्र ते फुकट ओढतात. वाऱ्याचा इशारा असताना समुद्रात गेलेल्याचीही ओढता का, असे विचारले तर म्हणाले, “त्याची चूल त्या होडीवर आहे. तुमची त्या फोटोवर नव्हती.” म्हणजे ओढायचे दोघांनाही, हिशेब मात्र कारण पाहून करायचा. मला स्वतःला हा भेद करता आला नव्हता. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले तेव्हा, अंदाज नसताना पाण्यात कशाला गेले, एवढे म्हणून मी वर्तमानपत्राचे पान उलटले होते. अंदाज असूनही वाळूत उतरलेल्या माणसाला कर्द्याला चहा मिळाला.

तक्रारी दोन. ट्रॅक्टरचा एक दिवा बंद होता, आणि काळोखात दोर कुठे आहे हे दिसत नसताना हा धोका खरा आहे; मुलाने कपाळावरच्या विजेरीवर काम भागवले. आणि फोन लागल्यापासून ट्रॅक्टर येईपर्यंत पस्तीस मिनिटे गेली, कारण ते जेवायला बसले होते. ही तक्रार लिहिताना हात थोडा अडखळतो, पण वाट पाहणाऱ्याला हे आधी ठाऊक असावे.

पाचपैकी साडेचार. अर्धा तारा दिव्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेलो तेव्हा दोर वईवर वाळत घातलेला होता आणि मुलगा फोनवर कोणाला तरी विचारीत होता, “पुढचं चाक की मागचं?”