एमएक्स-५ चा गिअरबॉक्स: बिलात ‘फुल रिबिल्ड’, आत जुनीच बेअरिंगं

१९९२ ची माझदा एमएक्स-५, १.६ लीटर इंजिन, पाच गिअर. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर करकरत पडायचा, या वयाच्या गाडीत ही तक्रार नेहमीची. कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजने बॉक्स उतरवला आणि ‘फुल रिबिल्ड, सर्व सिंक्रो, सर्व बेअरिंग’ असं लिहून २,६०० डॉलर घेतले. (सिंक्रो म्हणजे गिअर पडताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा.) तीन आठवडे गाडी छान चालली. मग करकर परत आली आणि सोबत एक घरघरही. चौथ्या गिअरमध्ये ती जवळजवळ गायब व्हायची, बाकी सगळ्यांत ऐकू यायची.

लबाडीचा पहिला धागा याच घरघरीने दिला. चौथ्याचं गिअर-प्रमाण १.००० आहे, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग सारखाच. त्यात इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा मेनशाफ्ट थेट जोडले जातात. त्यांना समांतर बसवलेला काउंटरशाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार येत नाही. इतर गिअरमध्ये सगळी ताकद त्याच्यातूनच जाते. म्हणजे संशय काउंटरशाफ्टच्या बेअरिंगांवर, आणि बिलाप्रमाणे ती तीन आठवड्यांपूर्वीच बदललेली!

दुसऱ्या गॅरेजमध्ये बॉक्स उघडायच्या आधी ऑइल काढलं, तर ते काकवीसारखं जाड. या बॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० दर्जाचं जीएल-४ ऑइल सुमारे २ लीटर लागतं. जाड ऑइलने बेअरिंगचा आवाज दबतो आणि गाडी ताब्यात देताना बॉक्स शांत वाटतो. पण सिंक्रो रिंगला गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या उतरत्या भागावर) पकड मिळायची तर मधलं ऑइल क्षणात बाजूला सरायला हवं. जाड ऑइल ते होऊ देत नाही, आणि थंडीत तर दुसरा गिअर जास्तच अडतो. काढलेलं ऑइल उन्हात धरून बघावं. पितळी चकाकी दिसली तर रिंगा झिजताहेत, पोलादी कपच्या दिसल्या तर बेअरिंग किंवा दाते.

आत काय होतं? शाफ्टवरचे भाग जागी धरणाऱ्या मागच्या लॉकनटची कड शाफ्टच्या खाचेत कारखान्यात ठोकलेली असते. नट काढायचा तर ती कड उचलावी लागते, आणि परत बसवताना नवा नट घ्यावा लागतो. इथे ती कड मुळातली, जशीच्या तशी. म्हणजे पाचव्या गिअरपर्यंत आणि मागच्या बेअरिंगपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. आमच्या मते याहून पक्का पुरावा नाही. बेअरिंगांवर जुन्या ऑइलचा तपकिरी थर होता. केसिंगच्या जोडावर सीलंटची बारीक रेघ पुरते, इथे तो भरमसाठ लावून त्याचे गोळे आत सुटले होते. असा गोळा ऑइलची वाट बुजवू शकतो.

नवी निघाली ती फक्त दुसऱ्या गिअरची एक रिंग. तीही न मोजता बसवलेली. रिंग कोनावर दाबून धरायची आणि रिंग व गिअरचे दाते यांमधली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) तीन-चार ठिकाणी मोजायची. नेहमीचं माप १.५ मिमी, किमान ०.८. इथे ०.७ भरली. गिअरचा कोन झिजलेला असेल तर नवी रिंगही खोल बसते, अशा वेळी गिअरच बदलावा लागतो. वर स्लीव्हच्या, म्हणजे सरकून गिअर जोडणाऱ्या कड्याच्या, दात्यांची टोकंही गोल झालेली. अशा स्लीव्हखाली रिंग घालणं म्हणजे पुन्हा तीच करकर विकत घेणं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरच्या (पेडलच्या द्रवदाबाने क्लच सोडवणाऱ्या भागाच्या) रबरी टोपीखाली ब्रेक फ्लुइड साचलेलं होतं. तो गळला की क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतात. या गाड्यांमध्ये तो हमखास गळतो, आणि बदलायला बॉक्स उतरवावा लागत नाही. म्हणून ‘रिबिल्ड’ला होकार देण्याआधी एवढं बघा: इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात का? क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबलात तरी रिव्हर्स करकरतो का? पेडल तीनदा भराभर मारल्यावर फरक पडतो का? असं असेल तर आधी क्लचचा हायड्रॉलिक भाग तपासून घ्या.

काम द्यायचंच ठरलं तर बिलात ‘किट’ हा शब्द चालवून घेऊ नका. प्रत्येक बेअरिंग, रिंग, स्लीव्ह, सील आणि लॉकनट पार्ट नंबरसह लिहून घ्या. उतरवण्यापूर्वी केसिंगवरचे आकडे फोटोत घ्या, बेलहाउसिंगच्या (बॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या पुढच्या भागाच्या) आत रंगाची खूण करायला सांगा, म्हणजे भंगारातला बॉक्स गळ्यात पडणार नाही. फटींची मापं लेखी मागा. खरंच मोजणारा कारागीर ती आनंदाने देतो.

जुने भाग परत हवेत हे काम मंजूर करतानाच लिहून द्या. कॅलिफोर्नियात तो ग्राहकाचा हक्क आहे, मात्र नव्या भागांच्या बदल्यात गॅरेजला पुरवठादाराकडे परत द्यावे लागणारे भाग फक्त बघायला मिळतात. कामाआधी लेखी अंदाजपत्रक देणंही तिथे गॅरेजवर बंधनकारक आहे, तक्रार ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या सरकारी खात्याकडे करता येते. परत मिळालेला डबा तिथेच उघडून मोजा: पुढच्या गिअरांच्या पाच रिंगा, बेअरिंगं, आणि कड उचललेला जुना लॉकनट. तो नट डब्यात नसेल तर पैसे देण्याआधीच विचारा.