कोंढाळीजवळच्या फार्महाऊसचं डिझाईन: साडेतीन स्टार, बाकीचे वानरांनी खाल्ले

नागपुरातल्या एका आर्किटेक्ट मॅडमकडून कोंढाळीच्या पुढे आमच्या शेतात सुटीसाठी छोटं घर बांधून घेतलं, दोन खोल्या नि मोठी ओसरी, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला म्हणून आता लिहून राहिलो. नाव टाकत नाही, कौतुक आहे तशी तक्रारही आहे आणि नागपूर लहान आहे राजेहो.

पहिल्या व्हिजिटला मॅडमनी कागदच काढला नाही. मे महिन्यात भर दुपारी बोलावलं आणि सावली कुठं पडते ते बघत फिरल्या, मला वाटलं फी वाढवायचे धंदे. पण मेच्या शेवटी आपल्याकडे दुपारी सूर्य पार डोक्यावर असतो, सावली पायाखाली, त्यामुळे दक्षिणेला तीन फुटांचा छज्जा पुरतो, खरा मार असतो पश्चिमेचा. तिकडे खिडकीच ठेवली नाही, बाथरूम आणि स्टोअर टाकलं, भिंतीत विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडली. रॅट ट्रॅप बाँड म्हणतात त्याला, विटाही पाव हिश्शाने कमी लागतात. मिस्त्री लई कुरकुरला, पण 45 डिग्रीत आम्ही एका कूलरवर दुपारची झोप काढली, एसीची आठवणही नाही आली.

पाया पण मस्त. आमची काळी माती म्हणजे पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, बाबांचा जुना गोठा त्यातच तडकला. इथे अंडर रीम पाईल टाकले, म्हणजे खाली फुगीर बूड असलेले खांब, माती हलते त्याच्याही खाली नेलेले. खर्च वाढला, तेव्हा घरात भांडणं झाली, पण पावसाळ्यानंतर भिंतीला एक रेघ नाही.

आता तक्रार. बांधावरचं मोहाचं झाड वाचवायचं म्हणून ओसरी त्याच्याखाली वळवली आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. दिसायला एक नंबर! पण मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडायला लागली की वानरांची टोळी हजर, फांदीवरून धप्पकन कवेलूवर. जुलैत गादी भिजली तेव्हा मोजले, एकोणचाळीस कवेलू फुटलेले. मॅडमला फोन केला तर म्हणे वानरं पण निसर्गच आहेत ना. अहो, मग ती नकाशात का नव्हती? आमच्या शेत राखणाऱ्या सोकाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, मोहाखाली कवेलू नका टाकू", तेव्हा आपणच त्याला गप्प केलं, कबूल.

शेवटी कवेलूखाली टिन टाकून घेतलं, पैसे आपल्याच खिशातून. झाड तोडणार नाही, फांदीही नाही. टिन टिकते का ते येत्या मार्चमध्ये कळेलच, तेव्हा स्टार वाढवायचे की कमी करायचे ते बघू.