मुलांच्या खोलीतली नऊ खणांची उघडी रॅक: दिवाळी ते श्रावण वापरून

दिवाळीच्या साफसफाईत घेतलेली ही रॅक आता पावसाळाही काढते आहे, तेव्हा मत द्यायला हरकत नाही. इंदुरात सुदामानगरला आमचा फ्लॅट, मुलांची खोली दहा बाय दहा. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा. पार्टिकल बोर्डची रॅक आणि घडी होणारे कापडी डबे, असा ऑनलाइन मिळणारा नेहमीचा सेट.

रॅकला दारं नाहीत, डब्यांना झाकणं नाहीत. तिचा सगळा गुण एवढाच आणि तो पुरेसा आहे. बॉक्स बेडचा खण घरात आहेच, पण गादी उचलायला मोठं माणूस लागतं, म्हणून त्यात गेलेली वस्तू थेट पुढच्या दिवाळीला दिसते. झाकणाचे पारदर्शक डबे फोटोत छान. लहान मूल झाकण काढतं, परत लावत मात्र नाही. उघड्या डब्यात मुलगी ठोकळे ओतते आणि मोकळी होते. सुबक दिसत नाही, पण फरशी रिकामी होते.

डब्यांवर नावांऐवजी चित्रं लावा. मुलीला इंग्रजी वाचता येतं, आजींना मराठी हवं, कामाच्या मावशींना वाचता येत नाही, आणि खोली आवरतात तिघी.

खरं काम रॅक येण्याआधीचं. वाढदिवसांची रिटर्न गिफ्टं हा आमच्याकडचा मुख्य पूर. भारतात १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेलं खेळणं आम्ही आधी बाहेर काढलं. गोल चपट्या सेलवर चालणारी आणि सेलच्या झाकणाला स्क्रू नसलेलीही गेली, कारण धाकटा सगळं तोंडात घालतो आणि तो सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. पुढची वाट इंदुरात सोपी आहे: कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा, वापरण्याजोगी खेळणी महापालिकेच्या आरआरआर (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रात, जुनी क्रमिक पुस्तकं खजुरी बाजारात. पिचकाऱ्या तेवढ्या होळीनंतर लगेच वर टाकू नका. आपल्याकडे रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बाकी असते.

उरलेल्यातलंही निम्मं माळ्यावर ठेवून अधूनमधून अदलाबदल करतो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८चा एक अभ्यास आहे: ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली, तर चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्याकडे माळ्यावरून उतरलेला जुना डॉक्टर सेट नव्यासारखा हातोहात जातो. नातेवाइकांना हे पटत नाही, ते आणखी एक रिमोटची गाडी आणतात.

आता खोड्या. पार्टिकल बोर्डला पाणी अजिबात सोसत नाही. रोजच्या पोछ्याने खालची कड होळीपर्यंतच फुगली होती. सुताराकडून किचन ट्रॉलीखाली लावतात तसे प्लास्टिकचे पाय बसवून घेतले. हे पहिल्याच दिवशी करावं. कापडी डब्यांच्या तळाशी पुठ्ठा असतो, तो आषाढात सर्दावला आणि डबे वास मारू लागले. शिवाय ठोकळ्यांच्या वजनाने त्यांची पोटं बाहेर येतात. चित्रकलेची वही आणि बोर्ड गेम खणात आडवे मावत नाहीत, ते अजून वरच पडून असतात.

आणि रॅक भिंतीला ठोकल्याशिवाय वापरू नका. सोबत आलेली पट्टी पत्र्यासारखी पातळ होती. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून एल-क्लॅम्प आणून ड्रिलने बसवले. अडीच वर्षांचं पोर खणाची शिडी करतंच. अमेरिकेत ड्रॉवरची कपाटं मुलांच्या अंगावर उलटून मृत्यू झाले, तेव्हा २०१६मध्ये आयकियाला सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवावी लागली होती. बारीक मणी, रंगांच्या ट्यूब वरच्या ओळीत. धाकट्याची ओळ सगळ्यात खाली.

पुन्हा घ्यायची झाली तर हाच आकार, पण प्लायवुडमध्ये सुताराकडून. महाग पडेल, पाण्यात टिकेल. कापडी डबे सोडूनच द्या. राणीपुऱ्यात प्लास्टिकच्या भोकाच्या टोपल्या मिळतात, धुता येतात, हवा खेळते. खालच्या ओळीत आम्ही त्याच बसवल्या आहेत. वरच्या दोन ओळी गणपतीआधी बदलू.