रेझिन ज्वेलरीची किट साताऱ्याच्या पावसात वापरली, त्याचा अनुभव

नणंदेच्या लग्नातला हार मी मे महिन्यापासून जपून ठेवलेला, त्यातल्या गुलाबाच्या पाकळ्यांचं पेंडंट करून तिच्या पहिल्या मंगळागौरीला द्यायचं असं डोक्यात होतं, म्हणून जूनमध्ये ऑनलाइन 850 रुपयांची किट मागवली. आत 200 ग्रॅम रेझिन (साच्यात ओतायचा पातळ पदार्थ), 100 ग्रॅम हार्डनर (त्यात मिसळला की रेझिन कडक होतं), तीन सिलिकॉनचे मोल्ड म्हणजे साचे, चमकीच्या पुड्या, सोनेरी वर्ख, हुक, कड्या, कप, काड्या आणि हातमोज्यांचे दोन जोड. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण जे झालं ते सगळं सांगते.

रेझिन चांगलंय, हे आधीच सांगते. काचेसारखं स्वच्छ, वास अगदी कमी. पण माझी पहिली बॅच पूर्ण फुकट गेली. 24 तास झाले, दोन दिवस झाले, तरी मोल्डमधून काढताना पाक कच्चा राहिलेल्या वडीसारखं चिकट, बोट लावलं की ठसा उमटायचा. कानातल्यांच्या सहा जोड्या टाकून दिल्या, खूप वाईट वाटलं. कारण काय तर आतल्या कागदावर नुसतं लिहिलंय 2:1 मिसळा. वजनाने की मापाने, एक अक्षर नाही! मी कपावरच्या रेघा बघून घेतलं. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाने घेतला की वजनात कमी भरतो आणि मग रेझिन कडक होतच नाही. कंपनीला मेसेज केला तर चौथ्या दिवशी दोन शब्दांचं उत्तर, "वजनाने घ्या". अहो मग तेवढं कागदावर छापा ना, नवीन माणसाचे पैसे आणि फुलं दोन्ही वाया जातात.

मग 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घेतला, 350 रुपये. 8 ग्रॅम रेझिन, 4 ग्रॅम हार्डनर, तीन-चार मिनिटं सावकाश ढवळायचं, कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्यायचा, आणि दुसऱ्या कपात ओतून परत एकदा ढवळायचं. एवढ्यात साधारण पाच जोड्या होतात आणि दुसऱ्या दिवशी टणक! पूर्ण पक्कं व्हायला मात्र तीन दिवस द्या, त्याआधी घालायची घाई करू नका.

आता पाऊस. आमच्याकडे शाहूपुरीत जुलैत घरातले कपडेसुद्धा वाळत नाहीत, त्या दमट हवेत वरच्या बाजूला तेलकट पांढुरका थर आला. घाबरू नका, कोमट पाण्यात साबण लावून धुतला की निघतो. नंतर मी ओतून झालं की मोल्ड झाकणाच्या डब्यात ठेवायला लागले, धूळही बसत नाही. आणि गारठ्यात रेझिन घट्ट होतं, फुगे अडकतात, तर रेझिनची बाटली झाकण घट्ट लावून दहा मिनिटं गरम पाण्यात उभी ठेवायची, ढवळायच्या आधी. फुगे निम्म्याहून कमी होतात, उरलेले टाचणीने फोडायचे.

फुलं पूर्ण सुकलेलीच हवीत. मी एकदा कुंडीतली अबोली सकाळी तोडून तशीच घातली, दोन-चार दिवसात तपकिरी पडली आणि पाकळीच्या भोवती बारीक फुग्यांची माळ. हारातल्या पाकळ्या जुन्या पंचांगात दाबून ठेवल्या होत्या, त्या मात्र सुंदर राहिल्या, उजेडाला धरलं की एकेक शीर दिसते. आणि कृपा करून कास पठारावरची फुलं तोडून आणू नका, 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारशात गेली त्यात आपलं कास आहे. बागेतला झेंडू, शेवंती घ्या की.

किटमधले हुक वापरू नका. आठवड्यात काळे पडले आणि माझ्या कानाला खाज सुटली. मोती चौकातून चांगले हुक आणले, तेव्हापासून त्रास नाही. हातमोजेही दोन जोड पुरत नाहीत, आणि ते घातल्याशिवाय रेझिनला हात लावू नका, सारखं लागत राहिलं तर कातडीला कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. खिडकी उघडी ठेवा, ओट्यावर करू नका, स्वयंपाकाचे चमचे वापरू नका, आणि घासायचं झालं तर पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, म्हणजे पूड नाकात जात नाही.

शिकायला किट घ्यायला हरकत नाही, पण काटा आणि हुक धरून 1300 चा हिशोब ठेवा. माझ्याकडून पाचपैकी तीन. नणंदेने मंगळागौरीला पेंडंट घातलं आणि पाकळी कुठल्या हारातली ते प्रत्येकीला सांगत होती. आता मोल्ड आहेतच, म्हणून यावेळी नुसतं रेझिन-हार्डनर मागवलंय.