इतिहासात एमए झालं, आता पीएचडी की अर्काइव्ह?
पीएचडी म्हणजे चार-पाच वर्षं, कधी सातसुद्धा, एकाच प्रश्नाच्या मागे लागायचं आणि शेवटी प्राध्यापकाच्या जागा मोजक्याच, त्यामुळे निव्वळ नोकरीसाठी करणार असाल तर नकोच बाबा. अर्काइव्हचा, म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवण्याच्या कामाचा, कोर्स साधारण वर्ष-दोन वर्षांचा आणि कागदाशी थेट गाठ. जुनी लोहयुक्त शाई कागदच खाते, अक्षरांच्या जागी भोकं पडलेली दिसतात, मग असे कागद जपायला अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेले) फोल्डर, स्कॅनिंग, कॅटलॉगिंग (कागदांची नीट यादी करणं). हे येत असेल तर लायब्ररी, म्युझियम, कंपन्यांचे रेकॉर्ड विभाग, कुठेही चालतं. फक्त लिहायची खाज असेल (मला आहे!) तर तिथे घुसमट होते, कारण कागद लावून देणार तुम्ही आणि पुस्तक लिहिणार दुसराच कुणीतरी पीएचडीवाला.